पत्रलेखक वाचक आणि वाङ्मयेतिहास

वाङ्मयाचा इतिहास लिहिताना आपण सामान्यतः तीन घटकांची दखल घेतो : लेखक, त्याची कृती आणि त्या कृतीचा परामर्श घेणारा समीक्षक. वाचक हा चौथा घटक आहे, हे तत्त्वतः सर्वांना मान्य असते. पण प्रत्यक्ष त्याच्याविषयी लिहिण्याची वेळ आली की तो अनामिक होऊन जातो. ‘वाचकांनी या कादंबरीचे स्वागत केले’, ‘वाचकांची अभिरुची पालटत गेली’ अशी विधाने आपण करतो. पण हा वाचक कोण होता, कोठे राहत होता, त्याने नेमके काय म्हटले, हे प्रश्न सोडून देतो. त्याचे समर्थन असे केले जाते की वाचक बोलत नाही. तो वाचतो आणि निघून जातो. हे समर्थन खरे नाही, असे मला प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे. वाचक बोलत आला आहे, काही वेळा लेखकापेक्षाही अधिक बोलत आला आहे, आणि त्याचे बोलणे छापलेलेही आहे. आपण मात्र ते वाङ्मयात जमेस धरलेले नाही.

यासाठी मी जे उदाहरण घेत आहे ते भारतीय नाही आणि प्रतिष्ठित वाङ्मयातलेही नाही. विसाव्या शतकात अमेरिकेतील विज्ञानकथेच्या स्वस्त मासिकांभोवती पत्रलेखकांचा जो एक वर्ग उभा राहिला, त्याचे हे उदाहरण आहे. परके आणि हलके समजले गेलेले उदाहरण मुद्दाम निवडण्याचे कारण असे की ज्या वाङ्मयाकडे विद्यापीठांनी दीर्घकाळ पाहिलेच नाही, तेथे वाचकांनीच टीकाकाराचे, इतिहासकाराचे आणि संग्राहकाचे काम अंगावर घेतले. प्रतिसाद देणारा माणूस वाङ्मयीन व्यवहारात काय काय उभे करू शकतो, हे तेथे विशेष स्पष्टपणे दिसते.

ह्यूगो गर्न्सबॅक यांनी एप्रिल १९२६ मध्ये न्यूयॉर्कहून ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक सुरू केले. केवळ विज्ञानकथेला वाहिलेले इंग्रजीतील हे पहिले मासिक. लवकरच त्यात वाचकांच्या पत्रांचे ‘डिस्कशन्स’ नावाचे सदर सुरू झाले. पुढे १९३० मध्ये निघालेल्या ‘अस्टाउंडिंग’नेही असेच सदर चालविले. या सदरांत पत्राखाली लेखकाच्या नावाबरोबर त्याचा संपूर्ण पत्ताही छापला जाई. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या छपाईच्या प्रथेचे परिणाम दूरगामी झाले. एखाद्या लहान गावात एकटाच विज्ञानकथा वाचणारा, आणि त्यापायी घरच्यांच्या थट्टेचा विषय झालेला मुलगा, आता आपल्यासारखा दुसरा कोण आहे आणि कोठे आहे हे पाहू शकत होता. संपादकाला लिहिलेले पत्र वाचून वाचकांनी एकमेकांना लिहावयास आरंभ केला. या चळवळीतील पहिल्या संघटनांपैकी एकीचे नाव ‘सायन्स करस्पाँडन्स क्लब’ म्हणजे विज्ञान-पत्रव्यवहार मंडळ असे होते, हे अर्थपूर्ण आहे. या मंडळाने १९३० मध्ये काढलेले ‘द कॉमेट’ हे पत्रक चाहत्यांनी स्वतः चालविलेल्या नियतकालिकांत सामान्यतः पहिले मानले जाते. अशा नियतकालिकांना ‘फॅनझिन’ हे नाव १९४० मध्ये मिळाले. पण नाव मिळण्यापूर्वीच ती वस्तू रुजलेली होती आणि तिचे मूळ पत्रांच्या पानात होते.

या सदरांतून सातत्याने लिहिणाऱ्यांना ‘लेटरहॅक’ म्हटले जाऊ लागले. ‘हॅक’ म्हणजे पैशासाठी भाराभर लिहिणारा. येथे पैसा नव्हताच, भार तेवढा होता. फॉरेस्ट ॲकरमन यांचे पहिले पत्र १९२९ मध्ये छापून आले तेव्हा ते बारा वर्षांचे होते. नंतर त्यांनी इतकी पत्रे लिहिली की १९५३ मध्ये ह्यूगो पारितोषिके प्रथम दिली गेली तेव्हा अग्रगण्य चाहता म्हणून त्यांचा स्वतंत्र गौरव झाला. १९३८ मध्ये ‘सुपरमॅन’ला जन्म देणाऱ्या दोघांपैकी जेरी सीगल हे याच पत्रलेखकांपैकी. आयझॅक आसिमॉव्ह यांचे पत्र ‘अस्टाउंडिंग’मध्ये १९३५ साली आले, त्यांची पहिली कथा छापली गेली ती १९३९ च्या मार्चमध्ये. म्हणजे वाचकांना आसिमॉव्ह प्रथम भेटले ते कथालेखक म्हणून नव्हे, पत्रलेखक म्हणून.

या उदाहरणांवरून एक सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो : पत्रलेखन ही लेखकाची उमेदवारी होय, आणि पुढे जे लेखक झाले त्यांचीच पत्रे महत्त्वाची. माझ्या मते हा निष्कर्ष या साऱ्या व्यवहाराचा अर्थ हिरावून घेतो. ज्या पत्रलेखकाने पुढे नाव काढले त्याची पत्रे आपण चरित्राचे साधन म्हणून जपतोच. ज्याला पत्रलेखकच राहावयाचे होते, त्याचे काय करावयाचे, हा प्रश्न आहे.

या दृष्टीने हॅरी वॉर्नर यांचे उदाहरण मननीय आहे. १९२२ मध्ये जन्मलेले वॉर्नर मेरीलँडमधील हेगर्सटाउन या लहान शहरात राहत आणि तेथल्याच वृत्तपत्रात काम करीत. ‘स्पेसवेज’ हे त्यांचे फॅनझिन १९३८ ते १९४२ पर्यंत चालले. ‘होरायझन्स’ १९३९ पासून त्यांनी जन्मभर चालविले. पण त्यांची खरी ख्याती होती ती पत्रांसाठी. जवळजवळ प्रत्येक फॅनझिनला, मग ते नामांकित असो वा एखाद्या शाळकरी मुलाचे पहिलेच असो, वॉर्नर यांचे सविस्तर पत्र जात असे. आणि हा क्रम २००३ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत, म्हणजे सहा दशकांहून अधिक काळ चालू राहिला. संमेलनांना ते क्वचितच जात, म्हणून त्यांना ‘हेगर्सटाउनचा विरागी’ अशा अर्थाचे टोपणनाव पडले होते. १९६९ आणि १९७२ मध्ये त्यांना सर्वोत्कृष्ट चाहता-लेखक म्हणून ह्यूगो पारितोषिक मिळाले. चाहत्यांच्या जगाचा १९४० च्या दशकातील इतिहास त्यांनी ‘ऑल अवर यस्टरडेज’ या १९६९ च्या ग्रंथात लिहिला. १९५० च्या दशकाचा इतिहास सांगणाऱ्या दुसऱ्या ग्रंथाला १९९३ मध्ये ह्यूगो मिळाले. घराबाहेर फारसा न पडणारा माणूस एका साऱ्या समाजाचा इतिहासकार होऊ शकला, कारण त्या समाजाचे बोलणे टपालाने त्याच्या दारात येत होते आणि त्याने ते कधी अनुत्तरित ठेवले नाही.

एखाद्या नवख्या संपादकाच्या दृष्टीने अशा पत्राचे मोल काय असेल, याचा विचार करावा. फॅनझिन काढणारा सायक्लोस्टाइल यंत्रावर शंभर-दोनशे प्रती काढतो, स्वतःच्या खिशातून तिकिटे लावतो आणि वाट पाहतो. आपल्याकडील अनियतकालिकांच्या चळवळीशी परिचय असलेल्यांना हे चित्र नवे वाटू नये. अंकानंतरची शांतता ही लहान नियतकालिकाचा खरा मृत्यू असते. पैसा संपणे हे त्यानंतरचे. ही शांतता मोडणारा एक तरी माणूस निश्चित आहे, ही खात्री त्या जगाला वॉर्नर यांच्यासारख्यांनी दिली.

या व्यवहाराचे अर्थशास्त्रही लक्षात घेण्याजोगे आहे. पुष्कळ फॅनझिनांवर किमतीच्या जागी ‘द यूज्वल’ एवढाच शब्द असे. म्हणजे ‘नेहमीचे मोल’. हे मोल तीन प्रकारे चुकते करता येई : अंकासाठी काही लिहून वा चितारून, आपल्या फॅनझिनचा अंक बदल्यात पाठवून, किंवा अंक वाचून त्यावर अभिप्रायाचे पत्र लिहून. या अभिप्रायपत्राच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘लॉक’ म्हणत. वाचनाचे मोल प्रतिसादाने चुकते होते, असा हा करार होता. जागेअभावी ज्यांची पत्रे छापता येत नसत त्यांची नावे तरी पत्रसदराच्या शेवटी दिली जात. ही यादी पोचपावती होतीच, शिवाय करार पाळला गेल्याची नोंदही होती. वाचक हा ग्राहक नसून सहभागी आहे, हे तत्त्व समीक्षेच्या ग्रंथांत येण्याच्या कितीतरी आधी या कागदांनी ते आचरणात आणलेले दिसते.

पत्र हा स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे, याची जाणीवही त्या जगाला होती. ‘प्लॅनेट स्टोरीज’ या मासिकाच्या पत्रसदरात वाचक कथांप्रमाणेच पत्रांनाही मते देत आणि सर्वोत्तम ठरलेल्या पत्रांच्या लेखकांना मासिकातील मूळ चित्रे बक्षीस मिळत. कॅलिफोर्नियातील साउथ गेट येथील रिक स्नीअरी यांना आजारपणामुळे शालेय शिक्षण फारसे लाभले नव्हते आणि त्यांचे शुद्धलेखन विलक्षण होते. संपादकांनी ते बहुधा तसेच छापले. पुढे ते शुद्धलेखन त्यांच्या शैलीची खूण ठरले आणि अशुद्ध लिहिणारा हा माणूस त्या जगातील लोकप्रिय पत्रलेखकांपैकी एक झाला. १९४८ मध्ये त्यांनी व त्यांच्या मित्रांनी एक घोषणा प्रचारात आणली : १९५८ चे जागतिक संमेलन साउथ गेटला! दहा वर्षे पत्रापत्रांतून ही घोषणा फिरत राहिली. १९५८ मध्ये संमेलन लॉस एंजेलिसच्या एका हॉटेलात भरले, तेव्हा तेवढ्यापुरती ती जागा साउथ गेटची समजली जावी असे तेथील महापौरांनी जाहीर केले. विनोद म्हणून हा प्रसंग सांगितला जातो. पण एका गावातल्या आजारी मुलाची पत्रे काय घडवू शकली, याचा तो पुरावाही आहे. बेलफास्टचे वॉल्ट विलिस यांच्या लेखनावर लुब्ध झालेल्या अमेरिकन वाचकांनी १९५२ मध्ये वर्गणी गोळा करून त्यांना शिकागोच्या संमेलनास आणले, तेही याच मालिकेतले.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला गुणवत्तेचा. ही पत्रे पुष्कळदा पोरकट आहेत, पुनरुक्तीने भरलेली आहेत, त्यांत अंतर्गत भांडणे आणि बाहेरच्याला न कळणारे विनोद आहेत. त्यांना वाङ्मय का म्हणावे? आक्षेपातील वस्तुस्थिती मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. प्रत्येक पत्र कलाकृती आहे असा दावा कोणीच करीत नाही. पण प्रतिसादाचे मोल सुट्या पत्रात शोधणे हीच चूक आहे. ते सातत्यात असते. तीस वर्षे एकाच माणसाने नवनव्या कृतींना दिलेली उत्तरे सलग वाचली, तर एका वाचकाची अभिरुची कशी घडत, अडखळत आणि पालटत गेली याचा असा आलेख हाती येतो की जो दुसऱ्या कोणत्याही साधनातून मिळणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो प्रातिनिधिकतेचा. टपालखर्च, टंकलेखनयंत्र आणि फुरसत ज्यांच्याजवळ होती तेच लिहीत होते. आणि त्यांत गोऱ्या तरुण पुरुषांचा भरणा मोठा होता. हे खरेच आहे. तरुण आसिमॉव्ह यांनी १९३८ च्या सुमारास ‘अस्टाउंडिंग’च्या पत्रसदरात कथांतील स्त्रिया आणि प्रेमप्रकरणे नकोत, असा हट्ट धरला होता. पण त्याच पानांवर मेरी बायर्स यांच्यासारख्या वाचक स्त्रियांनी त्यांना उत्तर दिले. विज्ञानकथेच्या वाचकवर्गात स्त्रिया नव्हत्याच, ही समजूत दीर्घकाळ टिकली. ती खोटी ठरविणारा पुरावा पुढे अभ्यासकांना मोठ्या प्रमाणात सापडला तो अशा पत्रांत. कथा आणि अनुक्रमणिका एवढेच जपले गेले असते, तर हे उत्तर नाहीसे झाले असते.

पत्राचा कागद माणसाला उघड करतो तसा झाकतोही, हेही या संदर्भात ध्यानात ठेवावे लागते. जॉर्जियातील सॅव्हाना येथून ‘क्वांड्री’ काढणाऱ्या ली हॉफमन या पुरुष आहेत असे सर्वांनी गृहीत धरले होते. १९५१ च्या न्यू ऑर्लिन्स संमेलनात त्या प्रत्यक्ष आल्या तेव्हा खरे कळले. १९५० च्या दशकात कार्ल ब्रँडन नावाचा एक कृष्णवर्णीय चाहता आपल्या लेखनाने गाजला. पण तो अस्तित्वातच नव्हता. टेरी कार आणि त्यांच्या गोऱ्या मित्रांनी तो कागदावर निर्माण केला होता. समतेचा अभिमान बाळगणाऱ्या त्या जगात कृष्णवर्णीयाला मिळालेली जागा अशी कल्पित असावी, ही गोष्ट अस्वस्थ करणारी आहे. १९९९ मध्ये वंश आणि विज्ञानकथा यांचा विचार करणाऱ्या एका संस्थेने हेच नाव जाणीवपूर्वक धारण केले. आणि जेम्स टिपट्री या नावाने कथा लिहिणारी व्यक्ती सुमारे दहा वर्षे सर्वांना केवळ पत्रांतूनच माहीत होती. ‘खत्रू’ या फॅनझिनने १९७५ मध्ये स्त्रिया आणि विज्ञानकथा या विषयावर पत्रांतून चालविलेल्या परिसंवादात टिपट्री यांनी पुरुष म्हणून भाग घेतला. १९७७ च्या सुमारास कळले की त्या ॲलिस शेल्डन होत. तेव्हा पत्र हे सत्याचे सरळ साधन नव्हे. पण कोणाला कोणता मुखवटा घ्यावा लागला, आणि कोणाच्या वाट्याला केवळ मुखवटाच आला, हे कळते ते पत्रांमुळेच. प्रातिनिधिकतेचा आक्षेप पत्रे टाकून देण्याचे कारण होऊ शकत नाही. ती अधिक सावधपणे वाचण्याचे कारण मात्र होऊ शकतो.

आता आपल्याकडे वळू. मराठीपुरते बोलावयाचे तर अर्वाचीन मराठी गद्याच्या पायाभरणीतच संपादकाला लिहिलेली पत्रे आहेत. लोकहितवादींची ‘शतपत्रे’ १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये आली, ती नियतकालिकातील पत्रे म्हणूनच. ती पुढे ग्रंथरूप पावली, आणि ग्रंथ झाल्यावरच आपण त्यांना वाङ्मय म्हटले. साहित्यिकांनी लिहिलेल्या खाजगी पत्रांविषयीही आपल्याला आस्था आहे, जी. ए. कुलकर्णी यांच्या पत्रांचे खंड हे त्याचे ठळक उदाहरण. मात्र या दोन्ही ठिकाणी पत्राला प्रतिष्ठा मिळते ती लिहिणाऱ्याच्या नावामुळे. ज्याचे नाव केवळ पत्रांखालीच छापले गेले, अशा वाचकाला आपल्या वाङ्मयेतिहासात जागा नाही.

विज्ञानकथेचेच पाहा. अद्रीश बर्धन यांनी १९६३ मध्ये कलकत्त्याहून ‘आश्चर्य’ हे बंगाली विज्ञानकथा-मासिक सुरू केले. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी जयंत नारळीकर यांनी १९७४ मध्ये टोपणनावाने कथा पाठविली. या घटना आपल्या इतिहासांत नोंदल्या जातात आणि त्या नोंदल्या जाव्यातच. पण या कथा वाचून कोण विचारात पडले, कोणी शंका विचारल्या, कोणी भांडण केले? असे प्रश्न विज्ञानकथेपुरते मर्यादित नाहीत. दलित साहित्याच्या, स्त्रियांच्या मासिकांच्या, अनियतकालिकांच्या इतिहासालाही ते तितकेच लागू आहेत. नियतकालिकांची सूची करताना आपण कथा, कविता, लेख आणि परीक्षणे नोंदवितो. वाचकांचा पत्रव्यवहार बहुधा गाळला जातो किंवा एका ओळीत आटोपला जातो. जे सूचीत येत नाही ते अभ्यासकाच्या दृष्टीने अस्तित्वात नसते, आणि जे अस्तित्वात नाही ते जतन करण्याची तसदी कोणी घेत नाही.

अमेरिकेत ही हानी काही अंशी टळली. रिव्हरसाइड येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ईटन संग्रहात आणि आयोवा विद्यापीठात फॅनझिनांचे मोठे संग्रह आज अभ्यासकांना उपलब्ध आहेत. रिव्हरसाइडच्या संग्रहात टेरी कार आणि रिक स्नीअरी यांच्या घरचे कागदही पोचले आहेत. पण हे कागद प्रथम जपले ते विद्यापीठांनी नव्हे, पत्रलेखकांनी. ज्यांनी त्यांना उत्तरे लिहिली होती त्यांनाच ते टाकवत नव्हते. विद्यापीठे नंतर आली, आणि ती आली तेव्हा जपलेले काहीतरी शिल्लक होते.

आपल्याकडे काय शिल्लक आहे याची पाहणी भारतीय भाषांच्या विभागांनी एकत्रितपणे हाती घ्यावी, असे मला सुचवावेसे वाटते. त्यासाठी मोठी योजना नको. प्रत्येक भाषेतील एकेका महत्त्वाच्या नियतकालिकाच्या पत्रव्यवहाराची सूची करावी. कोणती नावे वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा येतात ते पाहावे. त्या गावांचा नकाशा मांडावा. आणि या पत्रलेखकांच्या कुटुंबीयांकडे काही कागद उरले असतील तर ते मिळवावेत. बंगाली, मराठी, तमिळ, उर्दू यांच्या वाचकवर्गांची तुलना आज आपण अनुमानाने करतो; ती निदान काही प्रमाणात पुराव्याने करता येईल. पत्र लिहिण्याची सवय ज्या पिढीला होती ती वेगाने नाहीशी होत आहे आणि तिच्याबरोबर घरातील जुने अंक रद्दीत जात आहेत. हे काम पुढे ढकलता येण्याजोगे नाही.

लेखकाला लिहिण्याचे बळ कोठून मिळते, याची अनेक उत्तरे आपण देत आलो : प्रतिभा, परंपरा, समाजस्थिती. त्यात आणखी एका उत्तराची भर घालावयास हवी. दूर कोठेतरी एक माणूस आपला अंक उघडील, तो शेवटपर्यंत वाचील आणि रात्री बसून उत्तर लिहील, या खात्रीवरही वाङ्मय उभे राहते. ती खात्री देणाऱ्यांची नावे छापलेली आहेत. त्यांची नोंद करणे एवढेच बाकी आहे.